बिंदू वर्तुळावर आहे का? आकृतीवर विसंबू नकोस

अरे, तू आकृती काढून ठरवतोस, तिथेच फसतोस. केंद्र (2, −3), त्रिज्या 5 घे. आलेखाच्या कागदावर 1 सेंटीमीटरला 1 एकक धरून (5.5, 0.5) हा बिंदू मांड. तो अगदी रेषेवर दिसेल. आता केंद्रापासूनचे फरक मोज: 5.5 − 2 म्हणजे 3.5, आणि 0.5 − (−3) म्हणजेही 3.5. 3.5 चा वर्ग 12.25, दुसराही 12.25, बेरीज 24.5. त्रिज्येचा वर्ग पंचवीस, तेवढी नाही! म्हणजे बिंदू आत आहे, जेमतेम अर्धा मिलिमीटर. पेन्सिलीच्या टोकाखाली एवढा फरक सहज झाकला जातो.

वर्गमूळ काढत बसू नकोस, बेरीज थेट त्रिज्येच्या वर्गाशी ताडून बघ. कमी आली तर अंतर्भागात, जास्त आली तर बाह्यभागात.

आणि चिन्ह सांभाळ बाबा, सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात. (5, 1) साठी 1 − (−3) म्हणजे 4. घाईत 1 − 3 केलंस तर बेरीज 13 येते आणि वर्तुळावरचा बिंदू तू आत ढकलतोस. खरी बेरीज 9 + 16, बरोबर 25. म्हणून ऋण निर्देशक दिसला की कंस घालूनच लिही, अगदी तोंडपाठ झालं तरी.

याच वर्तुळाचं समीकरण x² + y² − 4x + 6y − 12 = 0 असं उलगडून दिलं असेल तर केंद्र शोधायचीही गरज नाही. बिंदूच्या x, y च्या किमती घाल, शून्य आलं की बिंदू वर्तुळावर, झालं.