वाचकांचे प्रश्न : पैसे ट्रस्टचे, मग पेपर कुलपात का?

प्रश्न : आमचा घरचा छोटा ट्रस्ट आहे, आईच्या नावानं. आई डायबेटिसनं गेली, पायाची जखम शेवटपर्यंत भरलीच नाही, म्हणून आम्ही दरवर्षी एकदोन डॉक्टरांना त्याच विषयावरच्या संशोधनासाठी तीन-चार लाख देतो. मागच्या महिन्यात एका स्टडीचा पेपर आला, डॉक्टरांनी लिंक पाठवली, उघडली तर वाचायला पैसे भरा म्हणतंय. डॉक्टर म्हणाले, जर्नल चांगलं आहे, असंच असतं. खरंच असंच असतं का? आणि आम्ही अट घातली तर ते नाराज होतील का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दादा, असंच असतं हे अर्धंच खरं आहे. असं चालत आलंय म्हणून असतं, आणि पैसे देणाऱ्यानं आधी लिहून घेतलं नाही म्हणून असतं. तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं कारण मी स्वतः नवी मुंबईतल्या एका छोट्या ट्रस्टच्या निवड समितीवर काही वर्षं होते आणि आम्ही याच्याहून मोठी चूक केलेली. दम्याच्या लहान मुलांवरच्या एका स्टडीला पैसे दिले, आया मुलांना घेऊन दोन वर्षं दर महिन्याला यायच्या, मुलं यंत्रात फुंकर मारून रीडिंग द्यायची, आणि तो सगळा डेटा एका रिसर्च असिस्टंटच्या लॅपटॉपवर होता. तो असिस्टंट नोकरी सोडून गेला, लॅपटॉप फॉरमॅट झाला, पेपर कधी आलाच नाही. आमच्या मंजुरीपत्रात डेटाचं एक अक्षर नव्हतं, फक्त हिशोब आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला, मागितलेलं, ते मात्र अगदी वेळेवर आलं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, अट घाला, आणि ती पहिला हप्ता जायच्या आधी घाला. पेपर छापून आल्यावर मागत बसलात तर डॉक्टरांच्याही हातात फार काही उरत नाही कारण तोवर त्यांनी जर्नलच्या करारावर सही केलेली असते.

नाराजीचं म्हणाल तर जगातले मोठे देणारे हे कधीपासून करतायत. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टनं २००५ सालीच अट घातली की आमच्या पैशातून निघालेला पेपर सगळ्यांना मोफत वाचता आला पाहिजे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या डीबीटी (जैवतंत्रज्ञान) आणि डीएसटी (विज्ञान-तंत्रज्ञान) या दोन विभागांचं धोरण डिसेंबर २०१४ मध्ये आलं, त्यातही लेखकानं आपल्या पेपरची स्वीकारलेली प्रत रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवायची असं आहे. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सरकारी ग्रांट घेतली असेल तर हे त्यांना नवं नाही.

आता पैशाचा मुद्दा, इथं छोटे ट्रस्ट फसतात. मोफत वाचायला द्यायचं म्हटलं की बरीच जर्नलं उलट लेखकाकडून फी घेतात, तिला एपीसी म्हणतात, आणि ती केवढी असू शकते तर नेचर या नामांकित जर्नलनं २०२१ मध्ये ती ९,५०० युरो ठेवली होती. तुमची अख्खी ग्रांट त्यात जाईल आणि तरी पुरणार नाही! त्यामुळे फी भरण्याच्या भानगडीत पडू नका. गेट्स फाउंडेशननंसुद्धा १ जानेवारी २०२५ पासून ही फी देणं बंद केलंय, ते म्हणतात पेपर आधी प्रीप्रिंट म्हणून टाका, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीची प्रत मेडआर्काइव्हसारख्या ठिकाणी ठेवा, मग जर्नलात जाऊ दे. तिथं ठेवायला एक रुपया लागत नाही. फक्त ती प्रत अजून तपासलेली नाही एवढं वाचणाऱ्यानं लक्षात ठेवायचं. आणि जर्नलनं स्वीकारलेली शेवटची वर्ड फाईल असते ना, तीही झेनोडोसारख्या मोफत रिपॉझिटरीत ठेवता येते, मात्र जर्नलला पेपर पाठवतानाच सांगायचं की या प्रतीवर सीसी बाय लायसन्स असेल, म्हणजे लेखकाचं नाव देऊन कुणीही वापरू शकेल. हे वाक्य मंजुरीपत्रात टाकलं की डॉक्टर जर्नलला दाखवू शकतात, बघा, माझ्या ट्रस्टची अट आहे. अटीमुळे त्यांचे हात बांधले जात नाहीत, उलट त्यांना जर्नलशी बोलायला बळ मिळतं.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल सरकारनं वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलंय ना, म्हणजे जर्नलांची वर्गणी सरकारच एकत्र भरतं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, जवळपास १३,००० जर्नलं. चांगलीच गोष्ट आहे, पण ती सरकारी कॉलेजं आणि सरकारी संशोधन संस्थांसाठी. घोडबंदर रोडवरचा खासगी क्लिनिकवाला डॉक्टर, मुरबाडमधली पायाचं ड्रेसिंग करणारी नर्स किंवा तुम्ही स्वतः, यात कुणीच बसत नाही, आणि डायबेटिसच्या जखमा तर यांच्याच समोर येतात.

एक गोष्ट मात्र पेपरपेक्षाही महत्त्वाची वाटते मला. चामर्स आणि ग्लासझिऊ या दोन संशोधकांनी २००९ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये अंदाज मांडला होता की वैद्यकीय संशोधनावरचा सुमारे ८५ टक्के खर्च वाया जातो, प्रश्नच चुकीचा निवडणं, आखणी कच्ची असणं आणि निकाल छापलेच न जाणं या कारणांनी. मलम चाललं नाही असा निकाल आला की तो ड्रॉवरमध्ये जातो, मग पाच वर्षांनी दुसरा कुणीतरी तेच मलम दुसऱ्या पेशंटवर लावून बघतो. त्यामुळे अट अशी घाला की निकाल काहीही येवो, तो जाहीर व्हायलाच हवा. उपचाराची ट्रायल असेल तर सीटीआरआय या ट्रायलची नोंद ठेवणाऱ्या आपल्या सरकारी रजिस्ट्रीचा नंबर पहिला हप्ता देण्याआधीच मागा, तिथली नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे, तीही पहिला पेशंट घ्यायच्या आधी. डेटा कुठं ठेवणार, फाईली कोण सांभाळणार हे अर्जातच अर्ध्या पानात लिहून मागा आणि त्या कामाला ग्रांटमधून वेगळे थोडे पैसे द्या, फुकटात राबायला लावू नका. शेवटचा दहा टक्के हप्ता पेपर मोफत उघडणारी लिंक आल्यावर.

निवड करतानाही कुणाचा पेपर किती भारी जर्नलात आला ते बघून पैसे देऊ नका. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मांडलेला डोरा नावाचा जाहीरनामा हेच सांगतो, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्यावरून, माणसाचं काम मोजू नका. अर्जात विचारा, तुमची तीन चांगली कामं सांगा, त्यात डेटासेट चालेल, नर्सेसचं ट्रेनिंगही चालेल.

परदेशातून देणगी घेत असाल तर एक लक्षात ठेवा, २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेले पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. सीएशी बोलून घ्या.

प्रश्न : मी पीएचडी करते. नवीन फंडरनं प्रीप्रिंट आणि डेटा दोन्ही ओपन मागितलंय. गाईड म्हणतात कुणीतरी आपलं काम उचलेल. भीती वाटते.
— एक वाचक, खारघर

उत्तर : भीती साहजिक आहे, चार वर्षं घातलीस तू त्यात. पण प्रीप्रिंटवर तारीख पडते, डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, म्हणजे हे आधी कुणी केलं याचा जाहीर पुरावा तुझ्याच नावावर. कुलपात ठेवलेल्या कामाला तो नसतो. डेटासाठी फंडरकडे मुदत माग, पेपर येईपर्यंत किंवा थीसिस जमा होईपर्यंत थांबू द्या म्हणावं, समजूतदार फंडर देतो, आणि देत नसेल तर तो चुकतोय असं मी स्पष्ट म्हणेन. विद्यार्थ्याची सोय बघितल्याशिवाय अट घालू नये.

आणि गाईडना सांग, ह्यूमन जीनोमवाल्यांनी, म्हणजे माणसाचा अख्खा डीएनए वाचायला निघालेल्या शास्त्रज्ञांनी, १९९६ मध्ये बर्म्युडात ठरवलं होतं की वाचलेला डीएनए २४ तासांत जाहीर करायचा. कोविडच्या विषाणूचा जीनोम ११ जानेवारी २०२० ला सगळ्यांसाठी खुला झाला आणि १६ मार्चला अमेरिकेत लसीच्या ट्रायलचा पहिला डोस टोचला गेला. पेपर छापून यायची वाट बघत बसले असते तर ही तारीख गाठताच आली नसती.

प्रश्न : वडिलांना हॉस्पिटलमध्ये एका स्टडीत घेतायत, फॉर्मवर लिहिलंय माहिती इतर संशोधकांना दिली जाऊ शकते. सही करावी का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आधी विचारा की नाव, फोन, पत्ता काढणार का, आणि त्याच्याही पुढे जाऊन विचारा की वय, पिनकोड आणि ऑपरेशनची तारीख एकत्र ठेवणार का, कारण नाव नसलं तरी एखाद्या छोट्या पाड्यातला ७८ वर्षांचा माणूस तेवढ्यावरून सहज ओळखू येतो. डेटा नेटवर सरसकट टाकणार की अर्ज करून, एथिक्स कमिटीची परवानगी असलेल्यालाच देणार, हेही. दुसरा प्रकार असेल तर मी स्वतः सही केली असती. ओपन म्हणजे पेशंट उघडा पाडणं नव्हे, हे फंडरनीही समजून घ्यायला हवं.

सहीला नकार दिला तरी उपचारात फरक पडता कामा नये आणि मध्येच बाहेर पडायचाही हक्क आहे. फॉर्मची एक प्रत घरी न्या, त्यावर एथिक्स कमिटीचा नंबर असतो. स्टडी संपल्यावर काय निघालं ते वडिलांना मराठीत सांगणार का, तेही त्याच दिवशी विचारून घ्या.