एका सोमवारात नेपल्स, पोम्पेई आणि आमाल्फी?

प्रश्न : माझा मुलगा क्रूझच्या बोटीवर कामाला आहे. मे महिन्यात घरच्यांना सवलतीत तिकिटं मिळताहेत. बोट सोमवारी सकाळी सातला नेपल्सला लागते आणि संध्याकाळी साडेसहाला सुटते. आम्ही सहाजण : आम्ही दोघं, सून, नातवंडं (१२ आणि ८) आणि माझ्या सासूबाई, वय ७४, गुडघेदुखी. तिथल्या एका गाईडने व्हॅनसकट नेपल्स शहर, पोम्पेई, सोरेंतो, पोझितानो, आमाल्फी असा कार्यक्रम पाठवलाय. सुनेला पोझितानो हवंच आहे. धाकट्याला गाडी लागते. घ्यावा का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, नका घेऊ.

पणजीत गाईडगिरी करताना मंगेशी, जुनं गोवं, दोनापावला, आग्वाद, कळंगुट, सगळं एका दिवसात असे कागद घेऊन आलेली माणसं मी रोज बघायचो. संध्याकाळी त्यांना विचारलं तर आठवायची ती बसची सीट. तुमचा कागद त्याच जातीचा आहे.

नकाशावर अंतरं किरकोळ दिसतात. नेपल्सहून पोम्पेई जेमतेम २५ किलोमीटर. पण सोरेंतोच्या पुढे पोझितानो-आमाल्फीचा रस्ता म्हणजे एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. समोरून बस आली की कुणीतरी मागे घ्यायचं. चोर्ल्याचा घाट डोळ्यांसमोर आणा, त्यात पावलोपावली फोटोसाठी थांबणारे पर्यटक भरा. गर्दीच्या दिवसांत तिथे खासगी गाड्यांना सम-विषम नंबरांचा नियम असतो. चालकासह भाड्याने घेतलेल्या व्हॅनला सूट आहे, पण सूट नियमातून, कोंडीतून नव्हे. आणि पोझितानोत उतरलात तरी किनारा खाली राहतो, मधे पायऱ्याच पायऱ्या. सासूबाईंना वर व्हॅनमध्ये बसवून तुम्ही खाली जाणार का?

शिवाय बोट. बोटवाल्यांची स्वतःची सहल उशिरा आली तर बोट सहसा थांबते. बाहेरच्या गाईडबरोबर गेलात तर थांबत नाही. मुलगा डेकवर आणि तुम्ही धक्क्यावर, हे चित्र कुणाला हवंय?

माझं ऐकाल तर सकाळी पोम्पेई, दुपारी नेपल्स, बस्स. पोम्पेई म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर, ते नऊला उघडतं. तिकिटं नावानिशी निघतात, म्हणून आधीच काढा आणि ओळखपत्रं जवळ ठेवा. गाईडला सांगा, आत शिरायचं ते पियाझ्झा आन्फितेआत्रोच्या दारातून. तिथून गुडघेवाल्यांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी सपाट केलेली वाट निघते, तीन किलोमीटरांहून लांब. सगळी चालायची सक्ती नाही. बाकीचे रस्ते मोठ्या, गुळगुळीत दगडांचे, चपलांचे काम नव्हे. सावली नावाला. पाण्याचे नळ मात्र आत आहेत, बाटली भरून घ्या. नातवंडांना रस्त्यातले उंच दगड दाखवा : पाणी-घाण तुडवायला लागू नये म्हणून लोक त्यांवर पाय देत रस्ता ओलांडायचे, आणि गाड्यांची चाकं मधल्या फटींतून जायची. त्या चाकांच्या खोबणी इ.स. ७९ मध्ये शेजारचा व्हेसूव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हापासून तशाच आहेत.

एक गोष्ट पक्की विचारून घ्या : आत हिंडवणारा परवानाधारक गाईड आहे की नुसता इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर? ड्रायव्हर दारापर्यंतच. आत वेगळा गाईड लागेल आणि त्याचे पैसेही वेगळे.

दुपारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं, तुमचा सोमवार आहे, नशीब. तिथे वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई उभी आहे, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. १९३८ साली पोम्पेईत सापडली आणि लोक तिला 'पोम्पेईची लक्ष्मी' म्हणू लागले. जाणकार आता यक्षी म्हणतात. तिच्यासारख्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला निघाल्यात. म्हणजे व्हेसूव्हियस फुटला तेव्हा आपल्याकडची बाई तिथे घरात होती! फक्त एक सांगून ठेवतो : ती आहे 'गुप्त दालना'त, आणि शेजारची रोमन चित्रं-मूर्ती पुरत्या शृंगारिक आहेत. नातवंडांना नेमकं कधी बाहेर थांबवायचं ते सुनेने ठरवावं. सासूबाईंचं त्यांनी स्वतः ठरवावं.

मग स्पाक्कानापोलीच्या गल्लीत पायी फिरा. स्कूटर अंगावर येतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाढलेल्याला त्याचं भय नको. फक्त रस्ता ओलांडताना मधेच दचकून थांबू नका, एका चालीने जा. पर्स पुढे.

सुनेला सांगा, बोट खाडीतून बाहेर पडताना डाव्या हाताला व्हेसूव्हियस आणि मग सोरेंतोचे कडे दिसतात. फोटो तिथूनच काढ म्हणावं. पोझितानोसाठी पुढे कधीतरी एक मुक्काम सालेर्नोला ठेवा. उन्हाळ्यात तिथून फेरी बोट जाते, वळणं नाहीत, धाकट्यालाही चालेल.

सासूबाई सोमवारी नुस्तं, म्हणजे मासळी, खात नसतील तर पिझ्झा मारिनारा मागवा. नावावरून मासळीचा वाटतो, पण त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल, बस्स. लसूणही चालत नसेल तर 'सेन्झा आल्यो' म्हणा.