स्लाव्हिक अभ्यास आणि समाजशास्त्र एकत्र घेताय?

जर्मनीत स्लाव्हिक अभ्यास (रशियन, पोलिश, चेक अशा भाषांचा) आणि समाजशास्त्र जोडून बीए करता येतं: साधारण ६ सत्रं, १८० क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास काम, म्हणून सत्राला ३० क्रेडिट हा आकडा हलका समजू नका. घोळ होतो तो बहुधा पहिल्याच वर्षी. भाषेचा वर्ग आठवड्यातून अनेकदा भरतो आणि समाजशास्त्राची सांख्यिकी नेमकी त्याच वेळेला येऊ शकते. आधी भाषेचे तास वेळापत्रकात बसवा, मग बाकीचं.

रशियनला ६ विभक्ती, पोलिश-चेकला ७. संस्कृत शिकलेल्याला त्याची धास्ती नको. तीन लिंगंही आपल्याकडे आहेतच. खरी दमछाक क्रियापदाच्या जोड्यांत होते: एक रूप चालू क्रियेचं, दुसरं पूर्ण झालेल्या. रशियनमध्ये ‘चिताल’ म्हणजे वाचत होता, ‘प्रचिताल’ म्हणजे वाचून संपवलं. म्हणून क्रियापद पाठ करताना जोडीनेच करा, सुटं कधीच नको.

आणखी एक: बऱ्याच ठिकाणी दुसरी स्लाव्हिक भाषाही सक्तीची असते. ती पहिल्या सत्रात अजिबात उघडू नका, रशियन आणि पोलिशची खिचडी होते. तिसऱ्या सत्रापासून घ्या. जर्मन मात्र अर्जाआधीच पक्की हवी, कारण समाजशास्त्राचं वाचन बहुतांशी तिच्यातच असतं.