मुलाला अँब्युलन्सवर जाऊ द्यावं का?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. इमर्जन्सीचं बीएस्सी करून त्याला १०८ वर जायचंय. माझा भाचा एका अँब्युलन्सवर काम करतो. हल्ली त्याला झोप नाही, कुणाशी धड बोलत नाही. मुलाचंही असंच झालं तर? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी भाच्याचं बघू. अपघात, जळीत, गळफास हे सतत पाहणाऱ्याला पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगांच्या धक्क्यातून जडणारा मानसिक आजार, होऊ शकतो; त्यासाठी स्वतः अपघातात सापडावं लागत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या नियमावलीने २०१३ मध्येच हे नोंदवलंय. झोप उडणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणं, माणसं टाळणं हे महिनाभर चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्याच. सुरुवात म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याला आजच द्या. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता मुलगा. ‘त्याचं मन घट्ट आहे का?’ असं बरेच पालक विचारतात. मला तो प्रश्नच फारसा कामाचा वाटत नाही. रक्ताची सवय होते हो. लांबलचक ड्युट्या, कंत्राटी नोकरी, ‘उशिरा का आलात?’ म्हणून अंगावर येणारे नातेवाईक, यांची होत नाही. शिवाय कॅज्युअल्टीत सोपवलेला पेशंट वाचला की गेला, हे पुष्कळदा कळतही नाही; तोवर पुढचा कॉल आलेला असतो. म्हणून मुलाला पारखण्याआधी नोकरी पारखा. वाईट कॉलनंतर थोडी उसंत मिळते का? रजा मागितली तर काय होतं? हे मालकाला नाही, तिथल्या जुन्या पायलटला विचारायचं. १०८ वर ड्रायव्हरला पायलटच म्हणतात.

आणखी एक. राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी उभी राहिली, ती पायलट आणि सोबत डॉक्टर, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, अशा रचनेवर. तेव्हा बीएस्सी झालं की १०८ वर जागा, हे गृहीत धरू नका. खासगी कार्डियाक अँब्युलन्स आणि रुग्णालयाची कॅज्युअल्टी हे रस्ते आहेत. मला तर यात सोयच दिसते : गाडीवरचं काम झेपेनासं झालं, तर त्याच शिक्षणावर कॅज्युअल्टीत येता येतं.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन इंटर्नशिप कुठे होते ते विचारा. डोळ्यांदेखत पहिला पेशंट गेल्यावर विद्यार्थ्याशी कोण बोलतं, हेही विचारा. ‘आमची मुलं खंबीर असतात’ एवढंच ऐकायला मिळालं, तर दुसरं कॉलेज बघा.