स्वीडनने पदावरून दूर केल्यानंतर जॉन डाल टोमासनला अपयशी प्रशिक्षक म्हणावे का?

आपल्या प्रश्नाचा रोख असा आहे की, मिलानकडून खेळलेला आणि डेन्मार्कसाठी ५२ गोल करणारा हा आघाडीपटू स्वीडनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून इतका सपशेल का आपटला, आणि त्यावरून तो मुळातच प्रशिक्षकपदाला लायक नव्हता असे समजावे का. माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र त्याच्या बाजूने बोलताना स्वीडनच्या त्या निकालांवर पांघरूण घालण्याचीही माझी तयारी नाही. त्याची संपूर्ण कारकीर्द पाहिली तर एक गोष्ट वारंवार दिसते: संघाबरोबर रोज मैदानावर उतरण्याची आणि हंगामापूर्वी पुरेशी तयारी करून घेण्याची संधी मिळाली तेथे त्याचे संघ चांगले खेळले, आणि ती मिळाली नाही तेथे त्याच्या योजना कागदावरच राहिल्या.

हे समजण्यासाठी तो कोणत्या प्रकारचा खेळाडू होता, याकडे आधी पाहावे लागते. १९७६ साली जन्मलेल्या टोमासनने कोगे या छोट्या डॅनिश क्लबकडून सुरुवात केली आणि अठराव्या वर्षी तो नेदरलँड्समधील हेरेनवेन या संघात गेला. चेंडू घेऊन चार-पाच जणांना चकवणारा हा खेळाडू नव्हता. त्याच्याकडे विजेचा वेग किंवा हवेत उडी घेऊन चेंडू जिंकण्याची दांडगी ताकदही नव्हती. मुख्य आघाडीपटूच्या किंचित मागे राहायचे, बचावपटूची नजर चेंडूकडे वळली की नेमक्या त्या क्षणी मोकळ्या जागेत शिरायचे आणि पहिल्याच स्पर्शात गोल करायचा, हे त्याचे खरे कौशल्य. असा खेळाडू स्वतःच्या बळावर सामना फिरवत नाही. आजूबाजूची रचना जुळून आलेली असेल तरच तो उठून दिसतो.

न्यूकॅसल या इंग्लिश क्लबमधील त्याचे वर्ष याचा पुरावा आहे. १९९७ च्या उन्हाळ्यात तेथील प्रशिक्षक केनी डॅलग्लिशने त्याला मुख्य आघाडीपटू ॲलन शिअररच्या मागे खेळवण्यासाठी घेतले होते, परंतु हंगाम सुरू होण्याआधीच शिअररचा घोटा जबर दुखावला आणि त्याच सुमारास दुसरा आघाडीपटू लेस फर्डिनंड याला टॉटनहॅमला विकण्यात आले. परिणामी, वीस-एकवीस वर्षांच्या या मुलाला इंग्लंडमधील धिप्पाड बचावपटूंसमोर एकट्याने आघाडी सांभाळावी लागली. लीगच्या २३ सामन्यांत ३ गोल एवढीच त्याची कमाई झाली आणि एका वर्षातच तो नेदरलँड्सला परतला.

रॉटरडॅमच्या फेयेनूर्द क्लबमध्ये मात्र तो खऱ्या अर्थाने घडला. पहिल्याच हंगामात, म्हणजे १९९९ साली, संघाने डच लीग जिंकली. ८ मे २००२ रोजी यूएफा चषकाचा अंतिम सामना योगायोगाने फेयेनूर्दच्याच डी काउप मैदानावर, बोरुसिया डॉर्टमुंडविरुद्ध झाला. अर्ध्या तासानंतर टोमासन गोलकडे धावत सुटला असताना युर्गन कोलरने त्याला पाडले. कोलरला लाल कार्ड मिळाले आणि पेनल्टीवर पिएर व्हान होयडोंकने गोल केला. व्हान होयडोंकने फ्री किकवर दुसरा गोल केला, उत्तरार्धात टोमासनने स्वतः तिसरा केला आणि फेयेनूर्दने सामना ३-२ असा जिंकला. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्यानंतर काही आठवड्यांतच विश्वचषकाच्या साखळी फेरीत त्याने उरुग्वेविरुद्ध दोन, सेनेगलविरुद्ध एक आणि गतविजेत्या फ्रान्सविरुद्ध एक असे चार गोल केले. त्या २-० पराभवामुळे फ्रान्सला एकही गोल न करता घरी परतावे लागले. आपल्याकडे अनेकांना टोमासन हे नाव माहीत झाले ते याच स्पर्धेमुळे.

मिलानमध्ये शेवचेन्को आणि इन्झागी असताना त्याला बहुतेक वेळा बदली खेळाडूची भूमिका घ्यावी लागली. तरीही २००३ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये आयाक्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणी, इन्झागीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून उचललेला चेंडू गोलरेषेजवळ गाठून त्याने ३-२ असा विजय मिळवून दिला. मिलानने पुढे तो चषक जिंकला आणि पुढच्या वर्षी इटलीची लीगही जिंकली. २००५ च्या इस्तंबूलमधील त्या विलक्षण अंतिम सामन्यात तो शेवटची काही मिनिटे असताना मैदानात उतरला आणि शूटआउटमध्ये सेर्जिन्यो व पिर्लो चुकल्यानंतर त्याने आपली पेनल्टी व्यवस्थित मारली. लिव्हरपूलने चषक नेला, हे वेगळे. त्यानंतरची श्टुटगार्ट, व्हियारेआल आणि पुन्हा फेयेनूर्द ही वर्षे तुलनेने साधारण गेली, शेवटची तर दुखापतींनी ग्रासलेली होती.

राष्ट्रीय संघातील दोन प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तो येथे स्वीडनविरुद्धच्या २-२ अशा बरोबरीत डेन्मार्कचे दोन्ही गोल टोमासनचे होते. या निकालामुळे दोन्ही शेजारी पुढे गेले आणि इटलीला गाशा गुंडाळावा लागला. इटालियन मंडळी त्या सामन्याकडे अजूनही संशयाने पाहतात. दुसरा प्रसंग २०१० च्या विश्वचषकातला. जपानविरुद्ध त्याची पेनल्टी कावाशिमाने अडवली, परत आलेला चेंडू मात्र त्याने जाळ्यात धाडला. हा त्याचा ५२वा गोल, आणि त्याने पॉल नील्सनच्या जुन्या डॅनिश विक्रमाची बरोबरी साधली. नील्सनने ५२ गोल अवघ्या ३८ सामन्यांत केले होते आणि टोमासनला ११२ सामने लागले, अशी टीका काही जण करतात. परंतु नील्सनचा काळ १९१० ते १९२५ चा होता, त्यामुळे ही तुलना मला फारशी अर्थपूर्ण वाटत नाही.

आता प्रशिक्षकपदाकडे येतो. निवृत्तीनंतर त्याने रॉटरडॅमच्याच एक्सेलसियर या लहान क्लबमध्ये साहाय्यक म्हणून उमेदवारी केली आणि २०१३ च्या उन्हाळ्यात तो तेथे मुख्य प्रशिक्षक झाला. दुसऱ्या श्रेणीतील या संघाची गाडी रुळावर असतानाच, डिसेंबरमध्ये, पहिल्या श्रेणीत तळाशी धडपडणाऱ्या रोडा जेसीने त्याला बोलावले आणि तो गेला. मोसमाच्या मधोमध, दुसऱ्याने निवडलेल्या खेळाडूंना घेऊन, हंगामापूर्वीच्या तयारीशिवाय काम करणे त्याला जमले नाही. रोडा शेवटच्या क्रमांकावर राहून खालच्या श्रेणीत घसरला आणि टोमासनची नोकरी गेली. त्याच वर्षी त्याने सोडलेला एक्सेलसियर संघ मात्र प्ले-ऑफ, म्हणजे बढतीसाठीचे निर्णायक सामने, जिंकून वरच्या श्रेणीत गेला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत चुकीचा निर्णय हाच होता, स्वीडनचे पद स्वीकारण्याचा नव्हे.

यानंतर त्याने घाई केली नाही, ही त्याच्या स्वभावातील जमेची बाजू. आधी व्हिटेस या डच क्लबमध्ये आणि मग २०१६ पासून डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघात ओगे हरेइडे यांच्या हाताखाली तो साहाय्यक राहिला. त्या संघाने २०१८ च्या विश्वचषकात बाद फेरी गाठली आणि क्रोएशियाकडून तो केवळ शूटआउटमध्ये हरला.

जानेवारी २०२० मध्ये माल्मो या स्वीडिश क्लबने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले. स्वीडनची लीग वसंतात सुरू होते. त्या वर्षी कोरोनामुळे ती जूनच्या मध्यापर्यंत लांबली, म्हणजे टोमासनला जवळजवळ पाच महिने मिळाले. या काळात सर्वच क्लबांच्या सरावावर मर्यादा होत्या हे मान्य केले, तरी नव्या प्रशिक्षकाला खेळाडूंची पारख करायला असा अवधी क्वचितच मिळतो. माल्मोने २०२० ची लीग जिंकली आणि २०२१ ची एआयके या प्रतिस्पर्धी क्लबशी गुण समान असताना गोलफरकावर राखली. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत त्यांनी स्टीव्हन जेरार्ड प्रशिक्षक असलेल्या रेंजर्स या स्कॉटिश क्लबला दोन्ही सामन्यांत २-१ असे हरवले, आणि ग्लासगोतील सामना तर पिछाडीवरून व दहा खेळाडूंनिशी जिंकला. इस्तंबूलमधील त्या रात्री चषक उचलणारा लिव्हरपूलचा कर्णधार जेरार्डच होता, तेव्हा टोमासनला या विजयाचे थोडे अधिक समाधान वाटले असेल, असा माझा तर्क आहे. पुढे चेल्सी, युव्हेंटस आणि झेनिट यांच्या गटात माल्मोला सहा सामन्यांत एक गुण आणि एकच गोल मिळाला. तेथे पैशाचे अंतर इतके होते की, त्याचा दोष प्रशिक्षकाला देणे अन्यायाचे होईल.

जून २०२२ मध्ये तो इंग्लंडमधील दुसऱ्या श्रेणीच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला गेला, आणि हा भाग पुणेकर वाचकांना अधिक जवळचा वाटावा, कारण या क्लबची मालकी नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाकडे, म्हणजे आपल्या ‘वेंकीज’कडे आहे. पहिल्या हंगामात त्याचा संघ एकतर जिंकायचा नाहीतर हरायचा. अर्धा हंगाम उलटेपर्यंत लीगमधील एकही सामना बरोबरीत सुटला नव्हता. शेवटच्या दिवशी मिलवॉलमध्ये ३-१ अशा पिछाडीवरून ब्लॅकबर्नने ४-३ असा विजय मिळवला, तरी संडरलंडशी गुण समान राहून गोलफरकामुळे सातवे स्थान वाट्याला आले आणि प्ले-ऑफ हुकला. गंमत म्हणजे तेव्हा संडरलंडचे प्रशिक्षक टोनी मोब्रे होते, आणि ब्लॅकबर्नमध्ये टोमासन त्यांच्याच जागी आला होता.

दुसऱ्या हंगामात मात्र आर्थिक पकड घट्ट झाली. भारतातील चौकशीमुळे मालकांना इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती, आणि त्याचा परिणाम खेळाडूंच्या खरेदीवर उघड दिसत होता. जानेवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा वर्षभराने, अशा दोन वेळा, ठरलेले खेळाडू कागदपत्रे वेळेत पूर्ण न झाल्याने हातचे गेले. ज्याला टोमासनने स्वतः पहिली संधी दिली होती तो तरुण मध्यरक्षक ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. अशा स्थितीतही त्या हंगामात ब्लॅकबर्नच्या सॅमी स्मॉडिक्सने लीगमध्ये २७ गोल करून संपूर्ण श्रेणीत पहिला क्रमांक मिळवला. आघाडीच्या मागून उशिरा धावत येऊन गोल करण्याची त्याची शैली पाहताना मला तरुण टोमासनच आठवत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये परस्पर संमतीने टोमासन क्लबमधून बाहेर पडला.

त्याच महिन्यात स्वीडनने त्याची नियुक्ती केली. राष्ट्रीय प्रशिक्षकपदी परदेशी माणूस, आणि तोही डेन्मार्कचा, ही गोष्ट अनेक स्वीडिश चाहत्यांच्या पचनी पडली नव्हती. अनेक दशके शिस्तबद्ध ४-४-२ (चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आघाडीपटू) रचनेवर पोसलेल्या संघाला त्याने तीन बचावपटूंच्या आणि मैदानभर प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकणाऱ्या खेळाकडे वळवले. युरोपीय राष्ट्रीय संघांच्या नेशन्स लीग स्पर्धेच्या तिसऱ्या श्रेणीत अझरबैजान, एस्टोनिया आणि स्लोव्हाकिया यांच्या गटात हे छान चालले. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत मात्र स्लोव्हेनियाशी २-२ अशी बरोबरी, कोसोवोकडून ०-२, घरच्या मैदानावर स्वित्झर्लंडकडून ०-२ आणि गोथेनबर्गमध्ये पुन्हा कोसोवोकडून ०-१ असे पराभव, म्हणजे चार सामन्यांत एक गुण, अशी अवस्था झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याला काढण्यात आले.

इसाक आणि ग्योकेरेस असे दोन आघाडीपटू हाताशी असताना सलग तीन सामन्यांत एकही गोल न होणे अक्षम्यच होते. न्यूकॅसलशी झालेल्या वादामुळे इसाकचा उन्हाळ्यात पुरेसा सराव झाला नव्हता, ही सबब काही अंशी खरी आहे, पण संपूर्ण नाही. माणसामागे माणूस धावण्याची जी पद्धत क्लबमध्ये रोजच्या सरावातून अंगवळणी पडते, ती वर्षातून चार-पाच वेळा, दर वेळी जेमतेम आठवडाभर एकत्र येणाऱ्या खेळाडूंकडून अपेक्षिणे हा त्याचा मूळ चुकीचा हिशेब होता, आणि पहिल्या दोन निकालांनंतरही त्याने खेळ सोपा केला नाही, हा हट्ट.

त्याच्या जागी आलेल्या ग्रॅहम पॉटरला गटातील उरलेल्या सामन्यांपेक्षा प्ले-ऑफचीच अधिक आशा होती. स्वीडनची प्ले-ऑफमधील ती जागा टोमासनच्या संघाने नेशन्स लीगचा गट जिंकून आधीच मिळवून ठेवली होती.