फिर्याद तिची, शब्दही तिचेच

सप्रेम जयभीम.

येत्या महिन्यापासून तू आपल्या विधी साहाय्य केंद्रात रुजू होणार आहेस आणि त्याआधी कोणते कायदे वाचून यावेत, असे तू विचारले आहेस. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम, सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याने केलेला २०१६ चा कायदा आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता एवढे पक्के असले, की सुरुवातीचे भागते. मला लिहायचे आहे ते मात्र वेगळे आहे. समोर बसलेल्या माणसाचे सांगणे त्याच्याच शब्दांत, पुरतेपणी आणि वेळेत कागदावर उतरवून घेणे, ही गोष्ट कायदा शिकून आलेल्या मुलामुलींना सर्वांत जड जाते, असे माझे मत झाले आहे. आणि पुढची सगळी लढाई त्या पहिल्या कागदावरच लढायची असते.

आपल्याकडे येणारी बाई मारहाणीच्या दिवसापासून बोलायला सुरुवात करत नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी प्रकरणांत सासऱ्याने गायरानात पहिल्यांदा नांगर घातला तिथून ती सुरुवात करते. मग ग्रामपंचायतीची निवडणूक येते, मग विहिरीचे पाणी, मग कोणाची शेळी कोणाच्या पिकात शिरली ते, आणि डोके फुटले तो दिवस यायला तास जातो. नवा वकील पाचव्या मिनिटालाच 'ताई, घटना किती तारखेची, तेवढं सांगा' म्हणतो आणि तिथेच तिचे बोलणे आटते. तसे करू नकोस. ती लांबलेली हकिगत ऐकली तरच भांडणाचे मूळ कळते, आणि पुष्कळदा पुरावाही तिच्यातच असतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्यासंबंधीचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला, तरीही अनेक कुटुंबांचा सातबारा अजून झालेला नाही. 'जमीन तुमची कशावरून?' असे विचारले की बाई ओशाळून गप्प बसते. पण घरात असतील नसतील ते सगळे कागद घेऊन या म्हटले, तर पत्र्याच्या पेटीतून अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या निघतात. दंड भरला म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो, अशी तिची समजूत असल्यामुळे त्या पावत्या तिने आजवर कोणाला दाखवलेल्या नसतात. वास्तविक त्या पावत्या आणि गाव नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद हाच तिच्या ताब्याचा सर्वांत जुना पुरावा असतो. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा जो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला, त्याचा धाक दाखवून या लोकांना उठवायला निघतात. त्याच निकालाच्या शेवटी, शासनाने अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसाठी अपवाद ठेवलेला आहे. नोटीस काढणारे तिथपर्यंत वाचत नाहीत. तू वाच.

आता लिहून घेण्याविषयी. 'आरोपीने जातिवाचक शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली' हे वाक्य तुला शेकडो फिर्यादींत जसेच्या तसे सापडेल, कारण ते फिर्यादीचे नसून लिहून घेणाऱ्या अंमलदाराचे असते. उलटतपासणीत बचावाचा वकील विचारतो, 'नेमके काय शब्द वापरले?' आणि बाई काही सांगू लागली, की तो म्हणतो, 'हे तर तुमच्या फिर्यादीत नाही.' म्हणून कोणती शिवी, कोणाच्या तोंडची, कोणाला उद्देशून, हे पहिल्याच कागदात आले पाहिजे. जातीचा उल्लेख करून केलेला अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला असावा, अशी कायद्याची अट आहे आणि घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या बोलाचालीत ती पुरी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. त्यामुळे ती अंगणात होती की रस्त्यावर, पारावर कोण बसले होते, दळण घेऊन कोण चालले होते, हे तपशील तुला फालतू वाटले तरी लिहून घे. पुरुषांदेखत ती शिवी उच्चारायला बाया लाजतात. अशा वेळी खोलीतल्या पुरुषांना बाहेर पाठवावे आणि घाई करू नये. लिहून झाल्यावर तिला सावकाश वाचून दाखव, ती 'असं नाही म्हणाले मी' म्हणाली तर खोडून तिच्यासमोर दुरुस्त कर, आणि अंगठा घेतलास तर मजकूर कोणी वाचून दाखवला हे अंगठ्याखाली लिही. तिच्या बोलीतला शब्द प्रमाण मराठीत 'सुधारण्याचा' मोह तुला नक्की होईल. साक्षीच्या पिंजऱ्यात ती प्रमाण मराठी बोलणार नाही, हे तेव्हा आठव.

जखम असेल तर मात्र हे सगळे बाजूला ठेवून आधी सरकारी दवाखाना गाठायचा आणि एमएलसीची, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या जखमेची, नोंद करून घ्यायची. समोरची बाजू बहुधा रात्रीतच क्रॉस केस, म्हणजे उलटी फिर्याद, घालते, चोरीची किंवा विनयभंगाची, आणि मग आधी ठाण्यात कोण आले यावर महिनोन्महिने वाद चालतो.

ठाण्यात जाताना अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक त्यांना द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून पोच घ्यावी. 'साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या' हे उत्तर ठरलेले असते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने ठरले. नव्या संहितेच्या कलम १७३ ने तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची फट ठेवली आहे, परंतु अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम १८-अ प्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्याला अशी चौकशी लागत नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगता आले पाहिजे. हुज्जत घालून काही मिळत नाही. अर्ज घेतलाच नाही, तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा, पोस्टाची पावती फाइलला लावावी आणि तरीही हालचाल झाली नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जावे. गुन्हा दाखल झाला की एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती तिथेच उभे राहून वाचावी, कलमे तपासावीत, आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला आहे की नाही, हे १९९५ च्या नियमांतला नियम ७ धरून पाहावे. मूळ प्रत तिच्याकडे ठेवायची, झेरॉक्स आपल्याकडे. आपल्या कपाटात तिचे मूळ कागद अडकून राहिले तर उद्या दुसऱ्या वकिलाकडे जायची तिला चोरी होईल.

आपण केवळ फिर्यादींच्या बाजूचे आहोत, असा समज करून घेऊन येऊ नकोस. १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ साली विमुक्त झाल्या खऱ्या, पण कुठे दरोडा पडला की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालावर जाते. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका दरोडा आणि हत्याकांडाचे प्रकरण तू मुळातून वाचावेस, असे मला वाटते. भटक्या जमातींतल्या सहा जणांना त्यात फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीचीच शिक्षा ठरवली. २०१९ साली त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सगळ्यांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. तोवर जवळजवळ सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यातली मला सर्वांत लागलेली गोष्ट अशी, की हल्ल्यातून जिवंत राहिलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडच्या फोटोंमधून भलत्याच चार जणांना ओळखले होते आणि तशी नोंदही झालेली होती. त्या चौघांचा तपास झाला नाही. म्हणजे तिचे पहिले सांगणे फाइलमध्ये होते, आणि तीन न्यायालयांतून ती फाइल फिरत असताना त्याला जे वजन मिळायला हवे होते ते मिळाले नाही. दोषारोपपत्र हाती आले की मी शेवटच्या पानापासून मागे येते, ते तेव्हापासून.

तुरुंगातल्या माणसाच्या बाबतीत तर कागद हाती पडणे हाच हक्क ठरतो. १९७८ चा होसकोट निकाल महाराष्ट्रातलाच आहे. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तुरुंग अधीक्षकांपर्यंत गेली, कैद्याने ती आपल्याला मिळालीच नाही असे सांगितले, आणि अपिलाला चार वर्षांहून अधिक उशीर झाला. निकालाची प्रत कैद्याला तत्काळ व मोफत द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा सांगितले. मोफत वकिलाचा हक्कही त्याच निकालात अनुच्छेद २१ आणि ३९-अ यांच्या आधारे मांडला गेला. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले कच्चे कैदी सुटले. एवढे होऊनही, जामीन मंजूर झालेला आणि तरी आत बसलेला माणूस तुला पहिल्याच तुरुंगभेटीत भेटेल, कारण जामीनदार नाही, किंवा आहे पण त्याच्याकडे ऐपतीचा दाखला नाही. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे, आणि त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजनाही काढली. प्राधिकरणाच्या कार्यालयात आठवड्यातून एकदा जाऊन अशी नावे विचारणे, एवढे काम तू अंगावर घेतलेस तरी पुष्कळ झाले.

आता सगळ्यांत नाजूक भाग. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर, साक्षीच्या आधी, गावात बैठक बसते. तिच्या भावकीतलेच कोणी तरी मध्यस्थ होते, कामावर घेणे बंद होते, किराणा उधार मिळेनासा होतो, आणि एक दिवस ती येऊन म्हणते, 'ताई, मिटवून टाकायचं म्हणतेय.' संस्थेतल्या तरुण माणसांना हा विश्वासघात वाटतो. आपण रात्री जागवल्या, आणि आता ही फितूर होणार! अशा वेळी तिच्यावर चळवळीचे ओझे टाकू नये. तिला सांगायचे ते कायद्याने जे खरे आहे तेवढेच: हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, लोकअदालतीतही नाही, तो रद्द करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाचा, शपथेवर खोटे बोललीस तर खटला तुझ्यावर होऊ शकतो, कामबंदी आणि किराणाबंदी हा सामाजिक बहिष्कार आहे आणि त्याची वेगळी फिर्याद देता येते, अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे तुला आणि साक्षीदारांना संरक्षण मागता येते. बऱ्याच गुन्ह्यांत पीडितांना सरकारकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता एफआयआर झाल्यावरच मिळतो, आणि 'पैशांसाठी केस केली' हा टोमणा तिला त्याच दिवसापासून ऐकावा लागलेला असतो, हेही ध्यानात ठेव. तो पैसा नियमाने तिचा आहे, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. हे सगळे सांगून झाल्यावर निर्णय तिचा. त्या गावात तिला राहायचे आहे, आपल्याला नाही. तिने माघार घेतली तरी तिची फाइल बंद करताना आपला सूर बदलू नये, कारण पुढच्या वेळी तिच्या मुलीला काही झाले तर तिला आपल्या दारात यायला संकोच वाटता कामा नये.

फोटो आणि बातम्या यांबद्दल थोडक्यात. देणगीदारांना अहवाल लागतो आणि पत्रकारांना चेहरा लागतो, दोघांचीही गरज आपल्याला आहे, पण तिच्या परवानगीशिवाय काहीही बाहेर जाणार नाही, आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे. सनदेविषयी तू विचारले होतेस: पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिलीची सनद एकत्र चालत नाहीत, असा बार कौन्सिलचा नियम असल्याने पुष्कळजण प्रकरणागणिक मानधन घेऊन काम करतात. रक्कम मोठी नसते. घरच्यांशी त्याबद्दल आधीच स्पष्ट बोलून घे.

पहिला पंधरवडा तुला खटले मिळणार नाहीत. सकाळी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज कसा भरतात, रोजनाम्याची नक्कल कशी मागतात, ते शिकायचे आणि दुपारी केंद्रात येणाऱ्यांचे नुसते ऐकून लिहून घ्यायचे. तू लिहिलेले मी संध्याकाळी वाचेन, आणि त्यात सांगणाऱ्याचा शब्द कुठे संपला आणि तुझा कुठे सुरू झाला, ते लाल शाईने दाखवीन. येताना तुझ्या पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आण, न्यायालयाच्या जिन्यांवर दिवसभर चालतील अशा चपला आण, आणि शक्य झाले तर सोमवारऐवजी शनिवारी ये, म्हणजे बाजाराच्या दिवशी गर्दी कशी असते ते पाहता येईल.

तुझी,
ताई