शिसं वाहून येतंय, रॉड बदलू का?

प्रश्न: गुहागरच्या किनाऱ्यावर गळाने मासे धरताना लाटा जोरात असल्या की दोरीला वजन म्हणून लावलेलं शिसं वाहत कडेला येतं. रॉड ९ फुटी आहे, १४ फुटी घेऊ का?

उत्तर: १४ फुटी नको हो, खांदा भरून येतो. १२-१३ फुटी बघा, किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या वर दोरी राहते, पण लांबीआधी रॉडवरचं कास्टिंग वेट (तो किती वजन फेकू शकतो ते) वाचा, कारण खवळलेल्या पाण्यात १५० ग्रॅमचं शिसं आणि वर आमिष, म्हणजे २०० ग्रॅम झेपणारा हवा. कार्बन हलका पण आपटला की गेला, ग्लास मिक्स (फायबरग्लास मिसळलेला) जड पण दणकट, मी तोच घेईन. आणि खरं सांगू, आधी गोल शिसं सोडून बाहेर तारा असलेलं शिसं लावून बघा, त्या तारांमुळे ते वाळूत रुततं. दोरीच्या पुढे ६० पौंडाचा शॉक लीडर (फेकताना बसणारा झटका सोसणारा जाड दोरीचा तुकडा) लावाच, फेकताना दोरी तुटली तर शिसं कुणाच्या तरी डोक्यात बसायचं.